प्रतीकांचा तक्ता बाजूला ठेव

पत्र

ताई, मी मराठी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कविता लिहिते. गेल्या वर्षी माझे वडील गेले. त्यांची पिठाची गिरणी होती, तीही तेव्हापासून बंद आहे. त्यावर लिहिलेली कविता ऐकून आमच्या काव्यमंडळातले एक ज्येष्ठ कवी म्हणाले, ‘तू सगळं उघड सांगून टाकतेस. जरा फ्रेंच प्रतीकवादी वाच.’ मी नोट्स काढल्या, एक तक्ताही केला. कावळा म्हणजे मृत्यू, दिवा म्हणजे आशा, समुद्र म्हणजे काळ, असा. मग कविता पुन्हा लिहिली. त्यातल्या तीन ओळी पाठवते:

बंद जात्यात भरडते दुःख अनादि काळाचे
पत्र्यावर बसला मृत्यूचा काळा दूत
तमाच्या सागरात विझला आशेचा दीप

मैत्रिणी म्हणतात, काही कळलं नाही. मलाही ती खोटी वाटते. घरात सगळं तसंच आहे. मोटरचा पट्टा काढून ठेवलाय, लोकांचे दोन डबे न्यायचे राहिलेत, आणि आई दोरीवरचे कपडे आत घेताना अजून झटकते. हे प्रतीकवादी नक्की मानत तरी काय होते? माझा पलीकडच्या कुठल्या जगावर विश्वास नाही, मग त्यांचं तंत्र तेवढं घेतलं तर ते ढोंग होईल का? आणि कविता कळली नाही तरी चालते, हे खरं का?

– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर

तुझ्या तीन ओळींपेक्षा पत्रातलं एक वाक्य प्रतीकवादाच्या कितीतरी जवळ आहे. ‘आई दोरीवरचे कपडे आत घेताना अजून झटकते.’ गिरणीला लागून घर असलं की पीठ कपड्यांवर बसणारच, ते झटकूनच आत न्यायचे. आता वर्षभर पीठ उडालेलं नाही, तरी आईचा हात थांबत नाही. यात वडील नाहीत, मृत्यू नाही, दुःख हा शब्दही नाही. पण मी ते वाक्य वाचलं आणि पत्र खाली ठेवलं.

स्तेफान मालार्मे हा प्रतीकवाद्यांमधला सगळ्यांत अवघड कवी. ऑक्टोबर १८६४मध्ये तो बावीस वर्षांचा होता आणि फ्रान्समधल्या तूर्नों या लहान गावात शाळेत इंग्रजी शिकवत होता. तिथून त्यानं आपला मित्र आंरी काझालिस याला एक पत्र लिहिलं. ‘एरोदियाद’ ही दीर्घ कविता नुकतीच सुरू केली होती, आणि त्यासाठी एक नवंच काव्यशास्त्र शोधतोय असं तो त्यात म्हणतो. त्याचा गाभा एका ओळीचा आहे: वस्तू रंगवायची नाही, तिच्यामुळे जो परिणाम होतो तो रंगवायचा. पुढे १८९१मध्ये ज्यूल ह्युरे या पत्रकाराशी बोलताना त्यानं हेच आणखी स्पष्ट केलं. वस्तूचं नाव घेतलं की कवितेतला तीन चतुर्थांश आनंद गेला, कारण तो आनंद हळूहळू ओळखत जाण्यात असतो. वस्तू सुचवायची, हे त्याचं स्वप्न. तुझ्या आईचा झटकणारा हात हा परिणाम आहे. ‘मृत्यूचा काळा दूत’ हे नाव घेणंच आहे, फक्त टोपणनावानं.

म्हणून तो तक्ता बाजूला ठेव. ‘कावळा म्हणजे मृत्यू’ असं एकदा ठरलं की वाचक कावळ्याच्या जागी मृत्यू घालतो आणि मोकळा होतो. त्या कावळ्याकडे पाहायचं त्याला कारणच उरत नाही. असल्या ठरलेल्या जोड्या आपल्याकडे भरपूर आहेत. चातक आणि मेघ, चकोर आणि चंद्र हे कविसंकेत तू एम.ए.ला शिकलीच असशील. तुझे प्राध्यापक कदाचित असंही म्हणतील की सुचवणं आपल्याला नवं नाही, नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोक’ लिहून ध्वनी, म्हणजे सुचवलेला अर्थ, हाच काव्याचा आत्मा म्हटलं. ते बरोबरच आहे, आणि तो ग्रंथ तू पुन्हा उघडलास तर मला आनंदच होईल. पण आनंदवर्धनाच्या सहृदय वाचकापाशी कवीच्याच संकेतांचा साठा होता. पॅरिसमधल्या या कवींना तसा सामायिक साठा पुरेसा वाटेना. त्यामुळे प्रत्येकाला आपली प्रतीकं कवितेच्या आत, वाचकाच्या डोळ्यांदेखत घडवावी लागली. माझ्या मते त्यांची कविता अवघड होण्याचं मोठं कारण हेच.

आता ते मानत काय होते. काळ एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. जे मोजता येतं तेच खरं, असं ठासून सांगणाऱ्या विज्ञाननिष्ठेचा जोर होता. कादंबरीत निसर्गवाद येत होता, त्यात झोला माणसाची परिस्थिती आणि आनुवंशिकता तपशीलवार मांडत होता. कवितेत पार्नासियन कवी संगमरवरासारखी घडीव, थंड, बाहेरून पाहिलेली वर्णनं करत होते. याच्या उलट बाजूला शार्ल बोदलेअर उभा राहिला. १८५७च्या ‘ले फ्लर द्यु माल’, म्हणजे ‘पापाची फुलं’, या संग्रहात ‘कॉरेस्पोन्दांस’ नावाचं एक सुनीत आहे. त्यात निसर्ग हे देऊळ आहे, त्याचे खांब जिवंत आहेत आणि ते अधूनमधून गोंधळलेले शब्द उच्चारतात. माणूस प्रतीकांच्या अरण्यातून चालतो, आणि ती प्रतीकं ओळखीच्या नजरेनं त्याच्याकडे पाहतात. गंध, रंग आणि नाद एकमेकांना उत्तर देतात. काही सुगंध लहान मुलाच्या अंगासारखे ताजे आहेत, ओबो या वाद्यासारखे गोड, कुरणासारखे हिरवे. दिसणाऱ्या जगातल्या वस्तूंचं न दिसणाऱ्याशी नातं आहे, ही कल्पना स्वीडनबोर्ग या स्वीडिश गूढवाद्याकडून आलेली. एका इंद्रियाचा अनुभव दुसऱ्या इंद्रियाच्या भाषेत सांगायचं तंत्र या श्रद्धेतूनच निघतं. मुळाशी सगळं एकच असेल, तर गंध हिरवा का नसावा?

आर्त्युर रँबो या तरुण कवीनं एका सुनीतात स्वरांना रंग दिले: आ काळा, ए पांढरा, इ लाल, यु हिरवा, ओ निळा. ते सुनीत वाचताना मात्र सांभाळ. त्याचाही तक्ता करणारे पुष्कळ झाले. त्यातली गंमत रंगांच्या यादीत नाही, काळ्यामधून घोंघावणाऱ्या माश्या निघतात त्या झेपेत आहे.

‘प्रतीकवाद’ हे नाव बरंच उशिरा आलं. ज्याँ मोरेआस या कवीचा जाहीरनामा १८ सप्टेंबर १८८६ला ‘ल फिगारो’मध्ये छापून आला. तोवर बोदलेअरला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि रँबो तर विशीतच कविता सोडून एडन-हरारकडे व्यापाराला गेला होता. जाहीरनाम्यात चार गोष्टींशी वैर सांगितलंय: उपदेश, वक्तृत्व, खोटी भावुकता आणि वस्तुनिष्ठ वर्णन. कवितेनं ‘कल्पने’ला इंद्रियांना जाणवेल असं रूप द्यायचं, हे त्याचं म्हणणं. ‘अनादि काळाचे दुःख’ हे वक्तृत्व आहे, ‘आशेचा दीप’ ही उसनी भावुकता. तुला दोष देत नाही. दुःख मोठं असलं की माणूस मोठा शब्द शोधतो, आणि मोठे शब्द आधीच कुणीतरी वापरून ठेवलेले असतात.

तुझा दुसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. पलीकडच्या जगावर विश्वास नसताना हे तंत्र वापरणं ढोंग आहे का? मालार्मेकडेच बघ. १८६६-६७च्या सुमारास त्याचा देव गेला. मे १८६७च्या पत्रात तो काझालिसला लिहितो की त्या जुन्या, दुष्ट पिसाऱ्याशी, म्हणजे देवाशी, त्याची भयंकर झुंज झाली आणि त्यानं त्याला खाली पाडलं. पलीकडे काही नाही, पोकळी आहे, हे पटल्यावरही त्यानं सुचवण्याची वाट सोडली नाही. उलट तो तिच्यात आणखी खोल शिरला. पोल व्हर्लेन या दुसऱ्या कवीचं नेमकं उलट झालं. ब्रसेल्समध्ये रँबोवर गोळी झाडल्याबद्दल तो बेल्जियममधल्या माँस इथल्या तुरुंगात होता, आणि तिथे १८७४मध्ये तो कॅथलिक श्रद्धेकडे परतला. एक देवाकडे गेला, एक देवापासून दूर गेला, आणि दोघंही प्रतीकवादाचे आधारस्तंभ. तेव्हा कुठल्या पारलौकिकावर तुझा विश्वास आहे हे तुला कुणी विचारणार नाही. दोघांमध्ये समान होतं ते इतकंच: मनाच्या काही अवस्था थेट सांगितल्या की नाहीशा होतात, पण शब्दांचा नाद, क्रम आणि मोकळी जागा नीट जुळवली तर त्या वाचकात नव्यानं उभ्या राहतात. एवढं तू मानतेस का? कपडे झटकण्याबद्दल तू पुढे एक शब्दही लिहिला नाहीस, त्यावरून मला वाटतं, मानतेस.

एक कविता जवळून बघू, म्हणजे तंत्र हातात येईल. बोदलेअरचीच ‘आर्मोनी द्यु स्वार’, ‘संध्याकाळची संगती’. सोळा ओळी, चार कडवी. प्रत्येक कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्याची पहिली आणि तिसरी होऊन परत येते. मलाय कवितेतून आलेल्या पांतूम या रचनेवर ती बेतलेली आहे. सबंध कवितेत यमकं दोनच. देठावर थरथरणारं प्रत्येक फूल धूपदानासारखं विरत जातं. नाद आणि गंध संध्याकाळच्या हवेत गिरक्या घेतात. व्हायोलिन दुखावलेल्या काळजासारखं कंप पावतं. आकाश मोठ्या वेदीसारखं उदास आणि सुंदर आहे. सूर्य स्वतःच्याच गोठत चाललेल्या रक्तात बुडाला आहे. ओळी पुन्हा पुन्हा येतात, पण प्रत्येक वेळी शेजार बदललेला असतो, त्यामुळे तीच ओळ जरा अधिक काळोखी वाटते. पंधरा ओळींपर्यंत हे कुणाविषयी चाललंय ते कळत नाही. अगदी शेवटच्या ओळीत ‘तू’ येते: तुझी आठवण माझ्यात झळकते. कशासारखी? चर्चमध्ये पवित्र प्रसाद ठेवून भाविकांना दाखवतात त्या सोन्याच्या पात्रासारखी. आणि मग लक्षात येतं की धूपदान, वेदी, हे पात्र, सगळं एकाच पूजेचं सामान होतं. कवीनं आपल्याला नकळत एका उपासनेतून चालवत आणलं. ती बाई कोण, दिसायची कशी, गेली कुठे, एक अक्षर नाही.

यात धूसर काय आहे? फूल, व्हायोलिन, सूर्य, सगळं लख्ख दिसतं. रचना इतकी कडक की एक ओळ इकडची तिकडे करता येत नाही. न सांगितलेली गोष्ट एकच आहे, आणि बाकीचं सगळं नेमकेपणानं तिच्याकडे तोंड करून उभं आहे. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. कविता कळली नाही तरी चालतं, हे मला मान्य नाही. तिचा सारांश सांगता आला नाही तरी चालतं. कुठे आहोत, कोणती वेळ आहे, समोर काय दिसतंय, एवढं वाचकाला धरायला मिळालं पाहिजे. तुझ्या तीन ओळींत जातं, पत्रा आणि समुद्र अशा तीन जागा येतात, आणि तिन्हींत मी कुठेच उभी राहू शकत नाही. मैत्रिणी चुकीचं बोलल्या नाहीत.

मालार्मेच्या उत्तरकाळातल्या सुनीतांना हा निकष कसा लावायचा, असं कुणी विचारेल. तिथेही तो पुष्कळदा लागू पडतो. १८८७ला छापलेल्या त्याच्या एका सुनीतात ‘प्तिक्स’ हा शब्द आहे. मित्राला त्यानं लिहिलं होतं की हा शब्द कुठल्याच भाषेत नसेल तर बरं, म्हणजे यमकाच्या जादूनं तो घडवल्याचा आनंद मिळेल. तरीही चित्र धरता येतं: मध्यरात्र, रिकामी बैठकीची खोली, खिडकी, आरसा, आणि आरशात शेवटी उमटणारे सात तारे. हा माणूस शब्दांना नवी जागा देतो, वाक्याची कर्ता-कर्म-क्रियापद ही घडी मोडतो, १८९७च्या ‘अँ कू द दे’मध्ये तर लहानमोठ्या टाइपात ओळी पानभर विखरून कोऱ्या कागदालाही बोलायला लावतो. पण यातलं काहीही तुला आज उचलायची गरज नाही. तीस वर्षं एका भाषेच्या कण्यावर काम केल्यावर केलेले ते प्रयोग आहेत.

नादाकडे मात्र आजच वळ. व्हर्लेननं त्याच माँसच्या तुरुंगात ‘आर पोएतिक’ लिहिली. सगळ्यांआधी संगीत, असं ती कविता सुरुवातीलाच सांगते. ती सम अक्षरसंख्येपेक्षा विषम संख्या पसंत करते, कारण विषम ओळ हवेत अधिक विरघळते. ती कविताही नऊ-नऊ अक्षरांच्या ओळींत आहे. फ्रेंच कानाला बारा अक्षरांच्या भारदस्त ओळीची सवय होती, तिथे नऊ अक्षरं म्हणजे पाऊल जरा अधांतरी पडल्यासारखं. रंग नको, छटा हवी, असं तो म्हणतो, आणि वक्तृत्वाला धरून त्याची मान मुरगाळ असंही बजावतो. आपल्याकडे या अधांतरी पावलाची सोय ज्ञानेश्वरांच्या ओवीत आहे. तीन चरण यमकात येतात आणि चौथा आखूड, यमकाशिवाय थांबतो. ती आखूड ओळ उघड्यावर राहते. तुझ्या कवितेला हे माप लावून बघ, असं मला मनापासून सांगायचंय. ‘तमाच्या सागरात विझला आशेचा दीप’ ही ओळ त्या मापात बसूच शकणार नाही, आणि तेच बरं.

आता तुझं साहित्य. दुःख, मृत्यू, आशा, काळ हे चार शब्द या कवितेपुरते वर्ज्य. कावळा खरोखर पत्र्यावर बसत असेल तर राहू दे, पण त्याला कुणाचा दूत करू नकोस. तुझ्याकडे तीन वस्तू आहेत: काढून ठेवलेला पट्टा, न नेलेले दोन डबे आणि झटकणारा हात. डब्यांविषयी मला एक विचारायचंय. त्यात दळलेलं पीठ आहे, की दळायची राहिलेली ज्वारी? दळलेलं असेल तर ते वडिलांच्या हातचं शेवटचं काम. ज्वारी असेल तर कुणीतरी दिलेलं आणि पुरं न झालेलं काम, आणि वर्षभरात तिला किडेही लागले असतील. या दोन वेगळ्या कविता आहेत. तू लिहिताना हे पाहिलं नसावंस, कारण लक्ष तक्त्याकडे होतं. डब्यांवर रंगानं नावं घातलेली असतील तर ती वाच. ती माणसं दुसऱ्या गिरणीवर जायला लागली असतील, आणि आपला डबा मागायला तुमच्या दारात येणं त्यांना जड जात असेल. हे कवितेत लिहू नकोस, पण लिहिताना तुला ठाऊक असू दे.

हात शेवटी आण किंवा सुरुवातीला आण, पण त्याचं स्पष्टीकरण देऊ नकोस. पीठ हा शब्द हातापासून जितका लांब ठेवशील तितकं चांगलं. मात्र तो कवितेत कुठेतरी असलाच पाहिजे, नाहीतर गिरणी न पाहिलेल्या वाचकाला दोराच सापडणार नाही. मी असते तर तो डब्यांपाशी ठेवला असता. शीर्षकात ‘बाबा’ नको. कवितेतही बहुतेक नको. बोदलेअरनं ‘तू’ शेवटच्या ओळीपर्यंत राखून ठेवली, तुला ती जागासुद्धा मोकळी सोडता येईल, कारण झटकणारा हात पुरेसा आहे.

आणि ही कविता आत्ता जमली नाही तर मालार्मेचं एक उदाहरण आठव. १८७९मध्ये त्याचा आठ वर्षांचा मुलगा आनातोल गेला. त्याच्यासाठी एक कविता लिहायची म्हणून त्यानं टिपणं काढली, दोनशेच्या आसपास कागद. तुटक शब्द, अर्धी वाक्यं, आईबापांचे संवाद. कविता पुरी झाली नाही. तो १८९८मध्ये गेला, आणि ते कागद पुस्तकरूपात आले १९६१मध्ये. इतकं सामर्थ्य असलेल्या माणसाला एक मृत्यू आकारात आणता आला नाही. तुझे वडील जाऊन एकच वर्ष झालंय. काव्यमंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी घाई करू नकोस. ज्येष्ठ कवींनी दिलेला सल्ला चांगलाच होता, पण तो पाळायची मुदत त्यांनी ठरवलेली नाही.

वाचायचं कसं, तेही सांगते. बोदलेअरपासून सुरुवात कर, मग व्हर्लेनच्या ‘रोमांस सां पारोल’ या १८७४च्या संग्रहातल्या छोट्या कविता. त्यात शहरावर पाऊस पडतोय आणि काळजात रडू येतंय अशी एक आहे. प्रेम नाही, द्वेष नाही, तरी काळीज का दुखतंय ते कळत नाही, आणि हेच सगळ्यांत मोठं दुखणं, असं म्हणून ती थांबते. फ्रेंच येत नसलं तरी तिचं मूळ वाचन ऐक, भाषांतर नंतर. इंग्रजी वाचत असशील तर आर्थर सिमन्सचं १८९९चं ‘द सिम्बॉलिस्ट मूव्हमेंट इन लिटरेचर’ घे. ते त्यानं येट्सला अर्पण केलंय, आणि १९०८मध्ये हार्वर्डला शिकत असताना एलियटच्या हाती तेच पडलं. तिथूनच तो या कवींपर्यंत पोचला. रँबो या सगळ्यांनंतर. मालार्मेच्या कविता शेवटी, आणि त्याआधी त्याचं ‘क्रीझ द व्हेर’ हे गद्य वाच.